वाक्याच्या शेवटची गाठ

बाबांचा आवाज गेला आणि आईला पाटी वाचता येत नव्हती. आमच्या घरातली सगळी अडचण एवढ्या एका ओळीत मावते.

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांची स्वरपेटी काढावी लागली. जीव वाचला, आवाज गेला. डॉक्टरांनी त्यांच्या हातात एक पांढरी पाटी आणि मार्कर दिला. बाबांनी लिहायचं, समोरच्यानं वाचायचं. पण समोर सगळ्यात जास्त वेळ असायची आई, आणि आईच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडलेला. दाराची चौकट तिला दिसते, गॅसची ज्योत कडेनं दिसते, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच नाहीसं होतं. अक्षरांचं तर नावच नको. म्हणजे एकाला बोलता येत नाही, दुसरीला वाचता येत नाही, आणि लग्नाला चाळीसहून जास्त वर्षं झालेली.

मध्ये मी. रजा काढून आले होते. बाबा पाटीवर लिहायचे, मी मोठ्यानं वाचायचे, आई उत्तर द्यायची. भांडणंसुद्धा माझ्याच तोंडून. "तुला काही कळत नाही," असं मी आईला बाबांच्या वतीनं ऐकवायचे आणि आई रागानं माझ्या कानाकडे बघायची, कारण मी तिला तिथून दिसायचे. असं किती दिवस चालणार होतं? माझी रजा संपत आली होती.

दादाचा फोन आला. माझा दादा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला तो तसा वाटेल. मलाही त्या दिवशी वाटला होता.

"चिमे, मी ठरवलंय," तो म्हणाला. "बाबा माझ्याकडे येतील, हॉस्पिटल जवळ पडतं. आईला तू ने."

"या वयात वेगळं करायचं त्यांना?"

"मग काय करू? ती दोघं एकमेकांशी बोलूच शकत नसतील तर एका घरात ठेवून उपयोग काय? बाबांना काही झालं, तर ते आईला सांगणार कसं? पाटी दाखवून?"

फोन स्पीकरवर होता. आई भाजी निवडायची थांबली. बाबांनी पाटी ओढली आणि इतक्या जोरात लिहिलं की मार्करचं टोक चेपलं. मी ते दादाला वाचून दाखवलं: "रविवारी ये. तोवर मी बोलायला लागलेला असेन."

"म्हणजे?" दादा.

बाबांनी खाली आणखी एक शब्द लिहिला. "प्रोग्रॅम."

माझे बाबा आयुष्यभर पुलांचे हिशेब करत होते. पुलावरून किती वजन जाईल, कुठला खांब किती सोसेल, हे सांगणारे प्रोग्रॅम त्यांनी लिहिले, आणि सगळे फोरट्रानमध्ये. ही भाषा त्यांच्या तरुणपणीही फार तरुण नव्हती. मीही प्रोग्रॅमच लिहिते, पण सी भाषेत आणि कपडे धुण्याच्या यंत्रांसाठी. "माझे पूल उभे राहतात, तुझी यंत्रं गरगर फिरतात," असं ते पाहुण्यांना सांगायचे, आणि मला दर वेळी राग यायचा, आणि दर वेळी तो दिसू न देता मी चहा प्यायचे.

बोलणारं फोनमधलं ॲप आम्ही आधी आणून बघितलं होतं. बाबांची बोटं थरथरतात; त्या इवल्याशा अक्षरांवर ती भलतीकडेच पडायची. त्यातून ते ॲप अतिशहाणं. बाबांनी "तू" एवढं लिहिलं की ते स्वतःच पुढचं सुचवून मोकळं व्हायचं. एकदा "तू जेवलीस का" लिहायला गेले आणि फोन आईला म्हणाला, "तुमचा दिवस आनंदात जावो." आई म्हणाली, "हे कोण बोललं? ह्यांच्या तोंडी असलं कधी आलं नाही." तो फोन त्या दिवसापासून खणात पडला.

तेव्हा बाबांनी हट्टच धरला. माझ्या बोलण्याचा प्रोग्रॅम मीच लिहीन, म्हणून. मला मान्य होतं. एकतर त्यांना नाही म्हणण्यात अर्थ नसतो, आणि दुसरं म्हणजे दादाचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे दुसरं काहीही नव्हतं.

मजकूर वाचून दाखवणारा एक तयार प्रोग्रॅम मी शोधून दिला. आवाज पुरुषाचा, बऱ्यापैकी खर्जातला. पण तो होता सी भाषेतला, आणि बाबांचा फोरट्रानमधला. दोघांची गाठ घालून देणं हेच खरं काम होतं.

फोरट्रानमध्ये वाक्य ठेवायला आधी एक डबा आखून घ्यावा लागतो. लांबी ठरलेली. वाक्य छोटं असलं तर उरलेले खण रिकाम्या जागांनी भरतात. वाक्य मोठं असलं तर जादा भाग बाहेर राहतो, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. सीमध्ये लांबी कोणी विचारत नाही. वाक्याच्या शेवटी एक न दिसणारं शून्य ठेवतात. वाचणारा वाचत जातो आणि ते शून्य आलं की थांबतो. आई शिवणकाम करायची तेव्हा दोऱ्याच्या टोकाला गाठ मारायची ना, तसंच. गाठ नसली तर टाका धरत नाही.

पहिल्या दिवशी बाबांनी गाठ मारली नाही. का, तर त्यांच्या भाषेत ती लागत नाही, आणि मुलीचं ऐकायची सवय नाही.

बाबांनी आधी कानाला हेडफोन लावून स्वतःशीच एक वाक्य करून बघितलं. ते काय होतं हे आम्हाला कळलं नाही. मग हेडफोन काढला, घसा खाकरल्यासारखं केलं (खाकरता येत नाही, तरी खांदे हलले) आणि आईकडे तोंड करून टाइप केलं. कॉम्प्युटर बोलला, "आज बरं वाटतंय."

आईचा हात तोंडावर गेला. आणि जरा थांबून कॉम्प्युटर पुढे म्हणाला, "सूप अळणी आहे."

"काय?" आई.

बाबा मान हलवत होते, मी नाही, मी नाही, असे दोन्ही हात नाचवत होते. पण आईला ते कुठलं दिसायला. "अळणी? मीठ तुम्हाला बंद केलंय डॉक्टरांनी! मी काय मुद्दाम कमी घालते? एवढ्या दिवसांनी तोंड उघडलं ते यासाठी?"

झालं होतं असं, की मेमरीमध्ये नव्या वाक्याच्या डब्याला लागूनच जुन्या वाक्याचा डबा होता. शेवटी गाठ नाही, म्हणून वाचणारा थांबलाच नाही. नवीन वाक्य वाचलं, रिकामे खण ओलांडले आणि शेजारच्या डब्यात शिरला. मगाशी हेडफोन लावून बाबांनी तपासलेलं वाक्य सुपाबद्दल होतं. मी पोट धरून हसले. बाबा माझ्यावर भडकले, आई बाबांवर भडकली, आणि घरात कितीतरी आठवड्यांनी माझ्या मदतीशिवाय भांडण झालं.

बाबांनी मग पाटीवर लिहिलं, "बरं. गाठ." तेवढ्यावर मी समाधान मानलं.

गाठ मारली, पण डब्याच्या शेवटी. वाक्य, मग सगळे रिकामे खण, आणि मग शून्य. मी म्हटलं, "बाबा, रिकामं आधी कापा, मग शून्य जोडा. त्यासाठी ट्रिम आहे तुमच्याच भाषेत."

त्यांनी लिहिलं, "मी शिकलो तेव्हा नव्हतं. गरज नाही. मागच्या रिकाम्या जागेला अर्थ नसतो."

फोरट्रानमध्ये ते खरंच आहे. दोन वाक्यं ताडून बघताना शेवटची रिकामी जागा ती भाषा जमेतच धरत नाही. अख्खा जन्म त्या नियमावर काढलेला माणूस, त्याच्याशी कोण वाद घालणार? शिवाय आवाज नीट येत होता, मागचं काही चिकटत नव्हतं. मी भांडी घासायला आत गेले. ती दोघं बाहेर बोलत बसली, आणि मी नळाखाली हात धरून ऐकत राहिले.

आई म्हणाली, "गारवा येतोय. दार लावू का?"

बटणं वाजली. पण कॉम्प्युटर गप्पच. त्याचं मागचं वाक्य अजून संपलेलं नव्हतं. बोलणाऱ्या प्रोग्रॅमला एक रिकामी जागा म्हणजे एक छोटा विसावा. डब्यात उरलेल्या सगळ्या रिकाम्या जागांसाठी तो इमानदारीनं गप्प बसत होता, आणि तोवर पुढचं वाक्य दाराशी उभं.

आईला वाटलं उत्तर नाही. जरा वेळानं ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्या डोळ्यांमुळे ही वेळ आली. मला वाचता आलं असतं तर कुणी आपल्याला हलवायचं नाव काढलं नसतं. मनातून चिडलायत ना माझ्यावर?"

"हो," कॉम्प्युटर म्हणाला.

मी ओल्या हातांनी बाहेर धावले. बाबा खुर्चीतून उठून उभे होते, चेहरा पांढराफटक. ते 'हो' दाराचं होतं, आणि ते सांगायला त्यांच्याजवळ काहीही नव्हतं. त्यांनी आईचा हात धरायला हात पुढे केला, आणि आई तोंड फिरवून आत निघून गेली.

मी तिला समजावलं. रिकाम्या जागा, विसावा, उशीर, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल. पण ऐकलं ना मी." मी तिच्याजवळ बसून राहिले.

बाहेर आले तर बाबा कॉम्प्युटरसमोर होते. पाटी माझ्याकडे सरकवली. तिच्यावर लिहिलं होतं, "रिकाम्या जागेला अर्थ असतो." आणि खाली, "ट्रिम कसं लिहायचं?"

माझ्या बाबांनी मला काही विचारलं, ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. मला टोमणा मारता आला असता. मारला नाही. आम्ही दोघं शेजारी बसलो, त्यांनी मागचे रिकामे खण कापले, लगेच त्यापुढे शून्य जोडलं, आणि सगळा प्रोग्रॅम पुन्हा वरपासून तपासला. मी जेवायला बोलावलं तर उठले नाहीत. हात थरथरायचा, चुकीचं अक्षर पडायचं, ते खोडायचे, पुन्हा टाइप करायचे. रागही येत नव्हता त्यांना. मला मात्र येत होता, डॉक्टरांचा, दादाचा, त्या थरथरणाऱ्या बोटांचा. शेवटी त्यांनी आईच्या खोलीचं दार उघडून ठेवलं, परत येऊन बसले आणि एकच वाक्य टाइप केलं.

"ते हो दाराचं होतं."

वाक्य संपलं तिथे आवाज थांबला. आतून आई म्हणाली, "मग लावा की दार." लगेच, क्षणाचाही वेळ न जाता, कॉम्प्युटर म्हणाला, "लावतो." बाबा उठले आणि त्यांनी दार लावलं.

त्यानंतरचे दिवस सरावाचे. मी मध्ये बोलायचं नाही असा नियम मीच केला आणि तो पाळताना माझ्या नाकी नऊ आले. एक गोष्ट मात्र मला सुधारावीशी वाटत होती. बाबांचा कीबोर्ड जुन्या ऑफिसातला, जाडजूड, प्रत्येक बटण खाडकन वाजणारा. मी मऊ, बिनआवाजी नवा आणला. आईनं तो हातात घेऊन दाबून बघितला आणि परत माझ्या हातात दिला.

"हा नको."

"अगं, डोकं उठत नाही तुझं त्या खडखडाटानं?"

"वाजतंय तोवर मला कळतं, ह्यांचं चाललंय. थांबलं की कळतं, आता बोलणार. माझे डोळेच आहेत ते बाई."

मी नवा कीबोर्ड पिशवीत टाकला.

रविवारी दादा आला, गाडी दारात लावून. येताना दोन रिकाम्या बॅगा घेऊन आला होता. त्या बघून माझं डोकंच फिरलं, पण तो आईच्या पाया पडला, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याचे डोळे भरले होते हे मी पाहिलं.

"चिमे, तू मध्ये बोलायचं नाहीस," तो म्हणाला. "तू बोललीस की मला काहीच कळणार नाही. ती दोघं तुझ्याशिवाय निभावतील असं मला दिसलं, तर मी बॅगा परत नेतो."

"कबूल," मी म्हटलं, आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

दादा बाबांसमोर बसला. "बाबा, मोकळेपणानं सांगा. तुमच्या मनात काय आहे?"

बाबा पुढे सरकले. त्यांनी हे वाक्य आधीपासून मनात जुळवून ठेवलं असणार, कारण न थांबता टाइप करत गेले. कीबोर्ड खाड खाड वाजत राहिला. सरावात बाबा छोटीच वाक्यं बोलले होते: पाणी दे, औषध झालं, खिडकी लाव. हे वाक्य लांबलचक होतं, मुलाला समजावून सांगणाऱ्या बापाचं. शेवटचं बटण दाबून ते मागे टेकले.

कॉम्प्युटर बोलला, "तुझी काळजी कळते पण मी आणि तुझी आई हे घर सोडून तुझ्याकडे किंवा हिच्याकडे राहायला जाणार"

आणि थांबला.

मला त्या क्षणी सगळं दिसलं. डबा भरला होता. बाबा अक्षरं मोजून डबा आखत आले ते इंग्रजी अक्षरांचा, एका अक्षराला एक खण. आपलं एक अक्षर तीन खण खातं, आणि काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी आणखी तीन. डबा भरल्यावर फोरट्राननं नेहमीप्रमाणे जादा भाग मुकाट्यानं बाहेर ठेवला आणि आमच्या गाठीनं तिथेच वाक्य बंद केलं. दुसऱ्या एखाद्या भाषेत नकार आधीच येऊन गेला असता. मराठीत तो शेवटी येतो. बाहेर राहिला होता तो नेमका तोच एक शब्द.

दादानं सुस्कारा सोडला. "तुम्ही तयार आहात. मला वाटलं होतं फार विरोध होईल." त्यानं बॅगेकडे हात नेला.

बाबांनी स्वतःच्या वाक्याकडे असं पाहिलं की जणू त्यांचाच एखादा पूल त्यांच्या डोळ्यांदेखत खचला. मी तोंड उघडलं. तेवढ्यात आईनं माझ्या दिशेनं हात वर केला, गप्प राहा म्हणून.

"थांब रे," ती दादाला म्हणाली. "संपलं नाही त्यांचं."

"संपलं ना आई. आवाज थांबला."

"आवाज थांबला. बटणं त्याच्या पुढे वाजली होती. 'जाणार'च्या नंतर एक मोठं बटण वाजलं, ते दोन शब्दांमधलं, आणि मग आणखी थोडी. एक शब्द यायचा राहिलाय." तिनं मान वळवली, बाबांच्या कानाकडे, म्हणजे बाबांकडे. "अहो, तो शब्द कुठाय?"

कीबोर्ड वाजला. अगदी थोडा.

"नाही," कॉम्प्युटर म्हणाला.

तेवढंच, आणि थांबला. दादाचा हात बॅगेवरून खाली आला. मला रडू फुटलं आणि मी ते लपवायचा प्रयत्नही केला नाही.

आई मात्र आता सुटली. "ऐकलंस? नाही म्हणजे नाही! बॅगा घेऊन आलाय, तेही न विचारता. आम्ही काय सामान आहोत? तुझा बाप मुका झाला असेल, मी आंधळी झाले असेन, म्हणून काय आमची अक्कल गेली? तू लहान असताना तुला ताप आला की आम्ही तुला असं एका घरात आणि चिमीला दुसऱ्या..."

"पुरे," कॉम्प्युटर म्हणाला.

आई थबकली. तिचं तोंड अर्धं उघडं होतं. चाळीस वर्षं तिची एकच तक्रार होती, हा माणूस माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही. ऑपरेशनपासून तिची सगळी वाक्यं पुरी होत होती.

"बघितलंस?" ती दादाला कौतुकानं म्हणाली. "मध्येच तोडलं मला."

दादा उठला आणि दोन्ही बॅगा गाडीत ठेवून आला. तो परत येईपर्यंत बाबा डबा मोठा करायच्या कामाला लागले होते, आणि आई खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली होती, कान कीबोर्डकडे करून.